धडकशाळेतले जावईबापू

मी जावईबापू बोलतोय. कुणाचा जावई, ते विचारू नका. माझं लग्न झालेलं नाही आणि होण्याची शक्यताही नाही, कारण मी मुळात माणूसच नाही. मी पुतळा आहे. कपड्यांच्या दुकानात काचेमागे कंबरेवर हात ठेवून उभे असतात, त्यांच्यातला नव्हे. ते शोभेचे. मी कामाचा. मला गाडीत बसवतात आणि ती गाडी नेऊन भिंतीवर आपटतात. कपाळमोक्ष हा माझा व्यवसाय आहे.

मी राहतो त्या जागेला कागदोपत्री फार लांबलचक नाव आहे. वाहनांच्या सुरक्षिततेची कसलीशी प्रयोगशाळा. इथले लोक तिला धडकशाळा म्हणतात आणि मला जावईबापू. त्याचं कारण सरळ आहे. माझ्या खोलीत हवा कायम बेताची ठेवावी लागते; जरा उकडलं की माझ्या बरगड्या मऊ पडतात, जरा गारठलं की ताठतात. मला चालावं लागत नाही, साखळीच्या पाळण्यात घालून इकडून तिकडे नेतात. दर कामाला कोरा शर्ट, पायांत बूट. मी इकडची काडी तिकडे करत नाही. "एवढे लाड मला माझ्या सासुरवाडीला कधी झाले नाहीत," असं आमचा डॉक्टर एकदा वैतागून म्हणाला आणि हे नाव पडलं ते पडलंच.

डॉक्टर म्हणजे गोळ्या देणारा डॉक्टर नव्हे. आमची मोडतोड झाली की पाना आणि पेचकस घेऊन येतो तो. हात हलका आहे, जीभ नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. आधी पाठीचा कणा तयार झाला, मग पोलादी बरगड्या, मग रबरी मान, वरून कातडं. डोकं सगळ्यात शेवटी बसवलं. काही माणसांच्या बाबतीत ते बसवायचं राहूनच जातं, असं डॉक्टर म्हणतो. माझ्या डोक्यात, छातीत आणि गुडघ्यांत छोटी छोटी यंत्रं आहेत. कुठे किती मार बसला, ते सगळं ती संगणकाकडे जाऊन चहाडी केल्यासारखं सांगतात. त्यांच्या वायरींचा जाडजूड शेपटा माझ्या पाठीतून निघतो. फोटोत तो दिसू नये असं मला फार वाटतं, पण पुतळ्याचं ऐकतो कोण!

कामाच्या आधी मला रंगवतात. कपाळाला लाल, हनुवटीला निळा, गुडघ्यांना हिरवा. पहिल्या वेळी मी हरखून गेलो होतो. मला वाटलं, नाटकात घेतलं. मग गाडी धडकली, आणि नंतर सगळे जण गाडीच्या आत डोकावून "लाल इथे लागलाय, हिरवा तिथे" असं बोलू लागले, तेव्हा त्या रंगरंगोटीचा अर्थ कळला.

माझ्याच साच्यातला आणखी एक पुतळा इथे आहे. तो माझा साडू. आमच्यात साडूंमध्ये असते तेवढी मैत्री आहे, म्हणजे त्याला नवे बूट मिळाले की माझा दिवस खराब जातो. शिवाय लहान मुलांच्या मापाचे दोन पुतळे आहेत. त्यांना सगळे पिल्लं म्हणतात.

माणसांचं मला फार आश्चर्य वाटतं. धडकशाळा बघायला पाहुणे येतात. काचेमागे उभे राहून माझी हाडं खिळखिळी होताना बघतात, "अरे बापरे" म्हणतात, चहा पितात आणि बाहेर जाऊन पट्टा न लावता गाडी चालू करतात. एका गृहस्थांनी तर पट्ट्याचं नुसतं कडं विकत घेऊन खाचेत खुपसून ठेवलं होतं, गाडीने पी पी करू नये म्हणून. ते हसत हसत सांगत होते. मला हात वर करता आला असता तर मी कपाळावर मारून घेतला असता, तेवढी सवय आहे मला.

या धडकशाळेच्या मुख्य म्हणजे आमच्या मॅडम. मला रंग लावायचं काम खरं तर त्यांचं नाही, पण त्या ते कुणाला देत नाहीत. त्यांच्या वडिलांनी सगळा जन्म तिजोऱ्या बनवण्यात घालवला. म्हणून आम्ही त्यांना तिजोरीवाले म्हणतो. वस्तूची पारख करायची त्यांची एकच रीत. मधल्या बोटाचं हाड तिच्यावर ठोकायचं आणि कान लावायचा. ठण्ण वाजलं तर माल चांगला, टप्प वाजलं तर फेकून द्या. पहिल्यांदा इथे आले तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर ठोकलं आणि मॅडमना म्हणाले, "पोकळ आहे." साडू त्यानंतर आठवडाभर खूश होता.

तिजोरीवाल्यांची एक गाडी होती. नाव महाराणी. तरुणपणी घेतलेली, लांबलचक, जाड पत्र्याची, पुढे आरशासारखा चकचकीत बंपर. तिच्यावर कुठेही ठोका, ठण्ण. तिच्यात पट्टे नव्हते, धडकेत माणसाला झेलणारे फुगे नव्हते, आणि ते नाहीत याचाच तिजोरीवाल्यांना अभिमान होता. मॅडमची मुलगी टिकली पहिलीत शिकत होती. तिला रोज शाळेत सोडायचं आणि आणायचं काम आजोबांनी हट्टाने स्वतःकडे घेतलं होतं आणि ते महाराणीतूनच चालायचं.

त्यावरून बापलेकीत जुंपलेली मी कितीदा ऐकली. माझ्यासमोर माणसं मोकळेपणाने भांडतात.

"बाबा, टिकलीला त्या गाडीतून नेऊ नका. शेवटचं सांगते."

"शेवटचं शेवटचं म्हणत वर्ष काढलंस. तुला नाही नेलं मी तिच्यातून? तुझं काय वाकडं झालं?"

"नशीब चांगलं होतं."

"नशीब नाही, पत्रा चांगला होता." असं म्हणून त्यांनी जवळ उभ्या असलेल्या छोट्या पांढऱ्या नव्या गाडीवर ठोकलं. "ऐक. टप्प! ही गाडी आहे की बिस्किटांचा डबा? अगं, तिजोरीत ठेवलेलं सोनं कधी चेपलेलं बघितलंयस?"

"सोन्याला मान नसते, बाबा."

"तुझं शिक्षण वाया गेलं," तिजोरीवाले म्हणाले.

मॅडमना खूप दिवसांपासून एक जुनी आणि एक नवी गाडी समोरासमोर धडकवून लोकांना दाखवायची होती. जुन्या गाड्या मिळत होत्या, पण सगळ्या गंजलेल्या. हे कळल्यावर तिजोरीवाले उसळलेच. गंजकी गाडी आपटायची आणि जुन्यांना नावं ठेवायची, ही कुठली रीत? हिंमत असेल तर महाराणीला लावा!

मॅडम हळूच म्हणाल्या, "बाबा, ती परत घरी यायची नाही."

"तुझा डबा यायचा नाही. माझी येईल. फक्त टिकलीची शाळा सुटायच्या आत उरका, मला तिला आणायला जायचंय. आणि ऐक, मी जिंकलो तर टिकलीच्या बाबतीत परत तोंड उघडायचं नाही."

"आणि हरलात तर?"

"तर तू म्हणशील ते." हे त्यांनी, आपण हरणं शक्यच नाही अशा माणसाच्या उदारपणाने सांगून टाकलं.

ठरलेल्या दिवशी तिजोरीवाले महाराणीला घासूनपुसून घेऊन आले. नवरीच्या बापाला नसतील एवढ्या त्यांच्या सूचना होत्या. कॅमेऱ्यांसाठी गाडीवर काळेपिवळे गोल चिकटवतात, तर "याचा गोंद नंतर निघेल ना?" असं त्यांनी तिघांना विचारलं. धडकेनंतर गाडी सावलीत उभी करायला जागा ठेवा, म्हणाले. मला चालकाच्या जागी बसवल्यावर त्यांनी आपली टोपी काढून माझ्या डोक्यावर घातली. महाराणीला उघड्या डोक्याचा माणूस चालत नाही म्हणे.

"मागे पिल्लू बसवायचं," मॅडम म्हणाल्या. "टिकली कशी बसते?"

"बसते कुठे ती? मध्ये उभी असते. माझ्या खांद्याला धरून. सगळा रस्ता तिला दिसायला हवा असतो."

मॅडमनी डोळे मिटून घेतले. मग पिल्लाला माझ्या मागे उभं केलं, त्याचा हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि तो पडू नये म्हणून कागदी चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावला. समोरच्या पांढऱ्या गाडीत साडू पट्ट्याने करकचून बांधला गेला. त्याच्या मागचं पिल्लू मुलांच्या खुर्चीत इतकं आवळून बसवलं की मला त्याची दया आली.

आता खरं सांगतो, मी महाराणीच्या प्रेमात पडलो. आयुष्यभर मी नव्या गाड्यांच्या अरुंद खुर्च्यांत आवळलेला बसत आलो. आणि इथे दिवाणखान्यातल्या कोचासारखी ऐसपैस बैठक! अंगावर पट्ट्याचा जाच नाही. हातात परातीएवढं स्टिअरिंग. मी पहिल्यांदा पाय लांब केले, म्हणजे डॉक्टरने माझे केले. बाहेरचं जाड लोखंड बघून मला वाटलं, आज आपली सुट्टीच आहे. साडूकडे बघून मी मनातल्या मनात मिशीवर ताव मारला. मला मिशी नाही, पण त्या क्षणी असायला हवी होती.

शेवटी सगळे बाहेर गेले आणि मॅडम एकट्याच रंगाची डबी घेऊन आल्या. त्यांनी माझ्या कपाळाला लाल रंग लावला.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "आज तुम्ही माझ्या बापाच्या जागी बसलायत. मी लहानपणी याच सीटमागे उभी असायचे. काय होणार ते मला माहीत आहे. मला ते अजिबात बघायचं नाहीये. पण त्यांनी मात्र बघायला हवं. नाहीतर टिकली उद्याही तिथेच उभी असेल."

माझी टोपी नीट करून त्या गेल्या. मला वाटलं, बाई उगाच घाबरतायत. एवढं लोखंड आहे की!

दिवे लागले. भोंगा वाजला. जमिनीतल्या लोखंडी दोरीने दोन्ही गाड्या एकमेकींकडे ओढायला सुरुवात केली. दोघींची निम्मी निम्मी तोंडं भिडणार होती, चालकांच्या बाजूची. रस्त्यावर बहुतेक तसंच होतं. साडूचा चेहरा मोठा होत गेला.

आणि धडाम.

त्या धडाममध्ये काय काय झालं, ते मला यंत्रांनी नंतर सांगितलं. महाराणीने धक्का स्वतःकडे ठेवलाच नाही, जसाच्या तसा आत पाठवून दिला. ते परातीएवढं स्टिअरिंग दांड्यासकट माझ्या छातीत आलं. समोरचा लोखंडी डॅशबोर्ड माझ्या गुडघ्यांवर. छताचा खांब वाकून कानाशी. माझा लाल रंग काचेला, निळा स्टिअरिंगला, हिरवा सगळीकडे. आणि पिल्लू, ते कागदी पट्टीवालं पिल्लू, माझ्या कानाजवळून सुसाट पुढे गेलं. आजवर मी अनेक धडका खाल्ल्या, पण "अरे, धर त्याला!" असं मला त्या एकदाच वाटलं. माझे हात धरण्यासाठी केलेले नाहीत.

धूळ बसली. काचेमागून तिजोरीवाले सगळ्यात आधी धावत आले. ते आले महाराणीच्या दुसऱ्या बाजूने, जी धडकलीच नव्हती. तिकडचा अर्धा बंपर अजून लखलखत होता. समोर पांढऱ्या गाडीच्या तोंडाचा पार चोळामोळा झाला होता, बॉनेट चुरगळलेल्या कागदासारखं, चाकं फाकलेली.

"जिंकली!" तिजोरीवाले ओरडले. "बघा! बंपरला ओरखडा नाही! आणि त्या डब्याचं बघा, नाक उरलंय का?" त्यांनी बंपरवर ठोकलं. ठण्ण. "ऐकलंत? चला, चावी द्या, शाळा सुटायची वेळ झाली."

डॉक्टरने नुसतं चालकाच्या दाराकडे बोट केलं.

तिजोरीवाले हसत हसत गाडीला वळसा घालून चालकाच्या दाराशी आले. दार ओढलं. उघडलं नाही. पुन्हा ओढलं. मग फुटलेल्या खिडकीतून आत बघितलं.

आत त्यांच्यासाठी जागाच नव्हती. जिथे त्यांचं पोट असायचं तिथे स्टिअरिंग होतं. त्यांच्या टोपीखाली माझी मान भलत्याच दिशेला वळली होती. त्यांनी मागच्या बाजूला बघितलं, तिथे पिल्लू नव्हतं. मग पुढे बघितलं. पिल्लू पुढच्या फुटक्या काचेत अर्धं बाहेर होतं. त्याच्या कपाळाचा पिवळा रंग काचेला लागला होता.

त्यांचा हात वर गेला, ठोकून बघण्यासाठी जातो तसा, आणि तसाच हवेत राहिला.

"बाबा, इकडे या," मॅडम म्हणाल्या.

पांढऱ्या गाडीचं दार डॉक्टरने एका हाताने उघडलं. आत साडू शहाण्यासारखा बसलेला. समोर फुगा लोंबत होता आणि त्यावर त्याच्या निळ्या हनुवटीचा ठसा. फुग्याचा मुका घेतल्यासारखा दिसत होता बेटा. मागे पिल्लू खुर्चीत होतं तसंच. एक बूट सुटला होता, बाकी काही नाही.

"हिचं नाक मोडलं ना, ते हिने मुद्दाम मोडून घेतलं," मॅडम म्हणाल्या. "हिला तसंच बनवलंय. पुढचा भाग चुरगळतो, धक्का तिथेच जिरतो, आणि माणसं बसतात तो भाग शाबूत राहतो. महाराणी उलटी आहे, बाबा. जिथे मोडू नये नेमकी तिथे मोडली."

तिजोरीवाले बराच वेळ त्या सुटलेल्या बुटाकडे बघत होते.

"मी तिजोरी बनवताना नेहमी बाहेरच्या चोराचाच विचार केला," ते म्हणाले. "आत काय ठेवलंय त्याला काही लागेल, हे कधी डोक्यातच आलं नाही." मग ते मॅडमकडे वळले. "रोज गं. रोज न्यायचो मी तिला. इथे उभी असायची, माझा खांदा धरून."

मॅडम रडल्या. तिजोरीवालेही रडले. डॉक्टर माझी छाती मोकळी करायला करवत आणतो म्हणून गेला आणि आणायला जितका लागतो त्याहून बराच जास्त वेळ लावून आला.

शाळा सुटायला आली होती. मॅडमची गाडी फाटकाशीच उभी होती, तीही टप्प वाजणाऱ्यांपैकीच. तिच्यात बसायचं नाही, अशी तिजोरीवाल्यांची आजवरची शपथ. मॅडम चावी घेऊन नुसत्या चालू लागल्या.

तिजोरीवाल्यांनी पांढऱ्या गाडीतलं पिल्लू काखोटीला मारलं आणि त्यांच्या मागे निघाले. मी तोवर बाहेर खुर्चीत आडवातिडवा पडलो होतो, मान उलटी असल्यामुळे मला फाटक छान दिसत होतं. मॅडमच्या गाडीत मागे टिकलीची खुर्ची होती. तिजोरीवाल्यांनी पिल्लू तिच्यात बसवलं.

"दाखव कसं बांधायचं ते. टिकलीला मी बांधणार."

पहिल्यांदा त्यांनी पिल्लाचं मुंडकं पट्ट्यात अडकवलं. दुसऱ्यांदा स्वतःचा अंगठा. तिसऱ्यांदा पट्टा झाला, पण पिल्लू उलटं. "सरळ बस की रे, काय चुळबुळ करतोस!" ते त्याच्यावर ओरडले, आणि पिल्लू तर बिचारं आमच्यात सगळ्यात शांत. शेवटी कडं खट्कन बसलं. त्यांनी पट्टा ओढून बघितला, पुन्हा ओढून बघितला, मग सोडवला आणि पहिल्यापासून बांधला. असं चालूच राहिलं. डॉक्टर धावत जाऊन म्हणाला, "अहो, आमचं पिल्लू सोडा आता, ते सामान सरकारी आहे!" तेव्हा कुठे त्यांनी ते परत दिलं.

मग ते स्वतः त्या रिकाम्या खुर्चीशेजारी बसले. आपल्या पट्ट्याचं टोक त्यांना सापडेना. इकडे चाचपलं, तिकडे चाचपलं. आयुष्यात कधी लावलाच नव्हता. मॅडम खाली उतरल्या, मागचं दार उघडून आत वाकल्या, आणि मला इतकी वर्षं रंगवणाऱ्या त्या हातांनी त्यांनी आपल्या बापाला पट्टा बांधला.

"घट्ट कर," तिजोरीवाले म्हणाले. "सैल वाटतोय."

गाडी फाटकाबाहेर गेली.

मला आता नव्या बरगड्या बसल्या आहेत. मान सरळ आहे, पण पावसाळी हवेत करकरते. महाराणीला धडकशाळेच्या दर्शनी दालनात ठेवलंय, आणि तिजोरीवाले दर आठवड्याला येऊन पाहुण्यांना ती दाखवतात. अभिमान काही गेलेला नाही, फक्त दुसरीकडे वळलाय. "हिच्याइतकी वाईट मोडलेली गाडी तुम्हाला कुठे बघायला मिळायची नाही," असं ते छाती पुढे काढून सांगतात. मग प्रत्येक पाहुण्याला त्याच्या गाडीपर्यंत सोडायला जातात, आणि तो पट्टा लावेपर्यंत खिडकीपासून हलत नाहीत. परवा त्या नुसतं कडं लावणाऱ्या गृहस्थांचं ते कडंच त्यांनी खिशात घातलं.

उद्या सकाळी मला पुन्हा काम आहे. कोरा शर्ट आणून ठेवलाय, आणि या खेपेला नवे बूटही मलाच. कुठली गाडी आहे कोण जाणे. जी असेल ती. माझी तक्रार नाही, पोटापाण्याचा धंदा आहे, पोट नसलं म्हणून काय झालं. तुमच्याकडे मात्र एकच मागणं आहे. तुमच्या जागी बसायला मी आहे. माझ्या जागी तुम्ही येऊ नका.